स्टॉक्ससाहेबांचं खारं फूल : एका किनारी झुडपाचा इतिहास

आज आपण एका झुडपाबद्दल बोलणार आहोत, आणि तेही इतिहासाच्या व्याख्यानात. या मालिकेत आत्तापर्यंत किल्ले आले, बंदरं आली, जमीन-महसूल आला. आज जे झुडूप घेतलंय त्यात बंदरही आहे आणि महसूलही आहे, त्यामुळे विषयांतर झालं असं कुणी समजू नये.

झुडपाचं शास्त्रीय नाव लिमोनियम स्टॉक्सी. नाव अवघड वाटेल, पण याची एक चुलत बहीण तुमच्या ओळखीची आहे. लग्नाच्या हॉलमध्ये किंवा सत्कार समारंभात पुष्पगुच्छ देतात, त्यात गुलाब आणि जरबेराच्या मधे जागा भरायला कागदासारखी कुरकुरीत, जांभळी-पांढरी बारीक फुलं खोचलेली असतात. सुकली तरी रंग जात नाही. फुलवाले त्याला ‘स्टॅटिस’ म्हणतात. ती भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरची जात, आता पॉलिहाउसमध्ये लावतात. आपलं आजचं झुडूप त्याच कुळातलं, पण रानटी. ते उगवतं कराचीच्या आजूबाजूच्या किनाऱ्यावर, मकरानकडे, आणि आपल्या बाजूला कच्छ-सौराष्ट्राच्या खाऱ्या किनारपट्टीवर. उंची साधारण गुडघ्याएवढी. बुंधा लाकडासारखा कडक, पानं लहान, जाडसर, चमच्याच्या आकाराची. गुलाबी-जांभळ्या फुलांचे फुलोरे. कोकणच्या खाजणांत ते भेटत नाही. कोकणात पावसाळ्यात जे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाणी कोसळतं ते या झुडपाच्या जगातलंच नाही. कराचीला वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कधी तेवढाही नाही.

इंग्रजीत या वंशाला ‘समुद्री लॅव्हेंडर’ म्हणतात. हे नाव उत्तर युरोपातल्या किनाऱ्यांवरून आलं. तिथे भरतीच्या चिखलावर उन्हाळ्यात जांभळा गालिचा पसरतो तो दुरून लॅव्हेंडरसारखा दिसतो, एवढंच. खऱ्या लॅव्हेंडरशी, म्हणजे तुळस-पुदिन्याच्या कुळाशी, याचं काही नातं नाही. याचं सख्खं नातं आहे चित्रकाशी. हो, आपला औषधातला चित्रक. आणि कुंपणाला लावतात तो निळ्या फुलांचा चित्रकही त्यातलाच. तुमच्या सोसायटीच्या बागेत तो असेल तर उद्या सकाळी पानाची मागची बाजू बघा. चुन्याची पूड उडाल्यासारखे बारीक पांढरे ठिपके दिसतील. ती कीड नाही. या कुळातल्या वनस्पतींच्या पानांवर सूक्ष्म ग्रंथी असतात आणि त्यांतून नको असलेले क्षार बाहेर टाकले जातात. चित्रकाला बागेत त्याचा फारसा उपयोग नाही. लिमोनियमचा मात्र सगळा संसारच त्यावर उभा आहे.

ही यंत्रणा जरा नीट समजून घेऊ, कारण पुढचा इतिहास त्याशिवाय उलगडत नाही. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. बहुतेक झाडांची मुळं अशा पाण्यात उभी राहिली तर पाणी आत घेण्याऐवजी गमावून बसतात. ज्वारीच्या शेतात खारं पाणी शिरलं तर काय होतं ते कोकणात आणि खारपाणपट्ट्यात कुणालाही सांगायला नको. लिमोनियमची मुळं बरंचसं मीठ बाहेरच अडवतात. तरीही जे आत येतं ते पाण्याबरोबर पानापर्यंत चढतं आणि तिथल्या ग्रंथी ते पुन्हा बाहेर ढकलतात. या वंशातल्या ज्या जातींचा बारकाईनं अभ्यास झाला त्यांत एकेक ग्रंथी सोळा पेशींची दिसते. दुपारच्या उन्हात पानावर मिठाचे कण चमकतात, वाऱ्यानं उडून जातात, दवानं किंवा पावसानं धुतले जातात. फुकट काम नाही हे. झाडाला त्यासाठी ऊर्जा खर्चावी लागते, आणि म्हणूनच ते हळू वाढतं.

बियांचं वागणं तर आणखी शहाणपणाचं. कराची विद्यापीठातल्या संशोधकांनी या जातीच्या बिया वेगवेगळ्या खारटपणाच्या पाण्यात रुजवून पाहिल्या. गोड्या पाण्यात त्या उत्तम रुजतात, खारेपणा वाढला की रुजणं कमी होत जातं. पण न रुजलेल्या बिया सगळ्या मेलेल्या नसतात, पुन्हा गोड्या पाण्यात ठेवल्या की त्यातल्या बऱ्याच जाग्या होतात. म्हणजे खाऱ्या जमिनीवर राहणाऱ्या या झुडपालाही सुरुवात मात्र गोड्या पाण्यात हवी असते. मोठं झाल्यावर मीठ सोसेन, जन्मताना नको. पावसाच्या दोन-चार चांगल्या सरी, किंवा नदीचं पाणी वरून वाहून आलं तर मातीतलं मीठ काही दिवस खाली जातं, तेवढी त्याची संधी. ही गोष्ट लक्षात ठेवा, सिंधूकडे गेलो की लागेल.

आता नावाकडे वळू. स्टॉक्स कोण?

जॉन एलर्टन स्टॉक्स हे इंग्लंडमधल्या हल शहराजवळचे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये वैद्यक शिकले, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या वैद्यकीय सेवेत आले आणि सिंधमध्ये नेमले गेले. काळ बघा. १८४३च्या फेब्रुवारीत मियाणीची लढाई झाली, तालपूर मीरांचं राज्य गेलं, नेपियरनं सिंध घेतला. १८४७ साली तो प्रांत मुंबई इलाख्याला जोडण्यात आला. म्हणजे कराची आणि रत्नागिरी एकाच सरकारच्या हाताखाली आले, एकच गव्हर्नर, एकच सचिवालय. पुढची जवळजवळ नव्वद वर्षं हे तसंच राहिलं. मुंबई इलाख्यातले कारकून, मास्तर, इंजिनिअर बदली होऊन सिंधमध्ये जात. कराचीतली सरकारी शाळा आजही एन. जे. व्ही. म्हणून ओळखली जाते. त्या आद्याक्षरांमागे नारायण जगन्नाथ वैद्य हे शिक्षण खात्यातले गृहस्थ आहेत.

स्टॉक्स यांचं काम देवीची लस टोचण्याचं. शिवाय औषधांचे निरीक्षक म्हणूनही ते नेमलेले होते. ही दोन्ही कामं आम्हाला महत्त्वाची वाटतात. लस टोचणाऱ्या माणसाला दवाखान्यात बसून भागत नाही. गावोगाव, वस्त्या-वस्त्यांवर फिरावं लागतं, उंटावरून, होडीतून, थंडीच्या दिवसांत महिनोन् महिने. आणि औषधांच्या निरीक्षकाला बाजारात कोणती मुळी कुठून येते, खरी की भेसळ, हे ओळखावं लागतं. म्हणजे सरकारनं त्यांना वनस्पती गोळा करायला पाठवलं नव्हतं, पण सरकारी कामाची वाटच अशी होती की वनस्पती दिसल्याशिवाय राहणार नाहीत. एकोणिसाव्या शतकातलं हिंदुस्थानातलं वनस्पतिशास्त्र मोठ्या प्रमाणात डॉक्टरांनी उभं केलं, ते याच कारणानं. वैद्यक शिकताना वनस्पतिशास्त्र सक्तीचं होतं, आणि नोकरी फिरतीची.

स्टॉक्स सिंधमध्ये फिरले, पुढे बलुचिस्तानात गेले. काही काळ त्यांनी अलेक्झांडर गिब्सन यांच्या जागी मुंबई इलाख्याच्या जंगल खात्याचं काम पाहिलं. गिब्सन हे पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचे प्रमुख आणि इलाख्याचे पहिले वनसंरक्षक, म्हणजे ही सिंधची गोष्ट पुण्याच्या वेशीपर्यंत येऊन टेकते. १८५३च्या अखेरीस स्टॉक्स आपला सगळा संग्रह घेऊन इंग्लंडला परतले, क्यू इथल्या बागेत बसून तो लावायचा, त्यावर ग्रंथ लिहायचा असा बेत. ऑगस्ट १८५४ मध्ये ते गेले. पस्तिशीही गाठली नव्हती. ग्रंथ झाला नाही. राहिले ते कागदावर चिकटवलेले वाळके नमुने आणि त्यावरच्या चिठ्ठ्या.

आता पाहा, ज्या माणसानं झाड उचललं त्यानं त्याला नाव दिलं नाही. नाव दिलं जिनिव्हातल्या एदमाँ बोआसिए यांनी. श्रीमंत घरचा माणूस, भूमध्यापासून पुढे पूर्वेकडच्या वनस्पतींचा त्या काळातला सर्वांत मोठा जाणकार. सिंधमध्ये त्यांनी कधी पाऊल ठेवलं नाही. द कांदोल घराण्यानं जगातल्या सगळ्या वनस्पतींची जंत्री करायला घेतली होती. तिच्या १८४८ साली निघालेल्या बाराव्या खंडात चित्रककुळाचं प्रकरण बोआसिए यांनी लिहिलं आणि सिंधच्या या झुडपाला ‘स्टॅटिस स्टॉक्सी’ असं नाव दिलं. कराचीच्या खाऱ्या वाळूतून उपटलेली डहाळी जहाजातून युरोपात जाते, स्वित्झर्लंडमध्ये तिचं बारसं होतं, लॅटिनमध्ये वर्णन छापलं जातं. कराचीच्या कोळ्याला याची खबर असण्याचं कारण नाही. त्याच्या जिभेवर त्या झुडपाला जे काही नाव असेल ते या लॅटिन वर्णनात शिरलं नाही.

मग ‘स्टॅटिस’चं ‘लिमोनियम’ कसं झालं? ही एक वेगळीच भानगड आहे, थोडक्यात सांगतो. ‘लिमोनियम’ हा शब्द जुना, ग्रीक भाषेतल्या कुरणाच्या शब्दावरून आलेला. लिनियसनं १७५३ मध्ये दोन वेगवेगळे गट एकाच ‘स्टॅटिस’ नावाखाली कोंबले. पुढच्याच वर्षी लंडनच्या फिलिप मिलरनं ‘लिमोनियम’ वेगळं ठेवलं. शंभर-सव्वाशे वर्षं दोन्ही चाललं. १८९१ मध्ये ओटो कुंट्झे नावाच्या जर्मन विक्षिप्त विद्वानानं नियमांचा काटेकोर अर्थ लावून तीस हजारांवर नावं बदलून टाकली. युरोपभर आरडाओरडा झाला. आमच्या मते त्यांतली बरीचशी नुसती डोकेदुखी होती. आपल्या झुडपाचं ‘लिमोनियम स्टॉक्सी’ हे रूप मात्र त्यांच्याच ग्रंथातून आलेलं आणि ते टिकलं. पुढे ‘स्टॅटिस’ हे नाव संदिग्ध म्हणून शास्त्रानं रीतसर बाद केलं. फुलबाजारानं ते बाद केलं नाही. शास्त्रज्ञांच्या ठरावाला दादरचा फुलवाला कशाला विचारतोय!

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

१८४७ हे साल आपण सिंधच्या संदर्भात घेतलं. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात आणखी एक गोष्ट झाली. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या तिघांचा जमीन-मोजणीवरचा संयुक्त अहवाल आला. इंदापूर तालुक्यात १८३५च्या सुमारास जे प्रयोग सुरू झाले होते त्यांना या अहवालानं पक्कं रूप दिलं. सर्व्हे नंबर, हद्दीचे दगड, जमिनीची प्रत आण्यांत ठरवायची, त्यावरून आकार. आपल्या सातबाऱ्याचे पूर्वज इथे आहेत. आणि त्याच परंपरेतून एक शब्द आपल्या तोंडी बसला : पोटखराबा. सर्व्हे नंबरच्या पोटातली जी जमीन पिकत नाही, खडक आहे, ओढा आहे, खार आहे, ती वेगळी काढायची आणि तिच्यावर आकार लावायचा नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीनं ही सवलतच होती, त्यात वाईट काही नाही. न पिकणाऱ्या जमिनीचा सारा कुणी का भरावा? पण कागदाचा एक गुण असतो. ज्यावर आकार नाही त्याचं वर्णनही नाही. त्या तुकड्यात काय आहे, काय उगवतं, कोण चरायला आणतं, कोण मीठ गोळा करतं, कोण शिंपल्या वेचतं, हे लिहायला मोजणीच्या कारकुनाकडे रकानाच नव्हता. सिंधमध्ये ही पद्धत जशीच्या तशी चालली नाही. तिथे पाऊस नाही म्हटल्यावर सगळा हिशेब कालव्याच्या पाण्यावर. पण विचार तोच, कालवा पोचला तर जमीन, नाही पोचला तर ओसाड.

म्हणजे एकाच सरकारच्या दोन हातांनी एकाच जमिनीबद्दल दोन वेगळ्या प्रकारे लिहिलं. महसुलाच्या हातानं लिहिलं : खराबा. आणि लस टोचणाऱ्या डॉक्टरच्या हातानं एका चिठ्ठीवर लिहिलं की सिंधच्या किनाऱ्यावर हे हे उगवतं. दुसरं लिखाण हौसेचं, सरकारी उत्पन्नाशी त्याचा संबंध नाही. पण खाऱ्या किनाऱ्याचा दीडशे वर्षांपूर्वीचा इतिहास आज कुणाला लिहायचा असेल तर पहिल्या प्रकारच्या कागदांत फारसं काही सापडत नाही. दुसऱ्या प्रकारच्या चिठ्ठ्यांत सापडतं. इतिहासाची साधनं म्हणून आपण बखरी, पत्रं, ताम्रपट बघतो. वनस्पतींचे हे कागद आपण साधन म्हणून बघत नाही, आणि ते बघायला हवेत असं आमचं मत आहे.

एक गंमत सांगून पुढे जाऊ. खाऱ्या जमिनीतली एकच गोष्ट सरकारला पैसे देत होती : मीठ. त्यावर कर होता, आणि उन्हानं आपोआप साचलेलं मीठसुद्धा लोकांनी उचलू नये म्हणून खात्याचे शिपाई ते मातीत कालवून नासवत. १९३०च्या दांडी आणि शिरोड्याच्या सत्याग्रहांमागे हाच राग होता. त्या काळात हे झुडूप मात्र पानापानावर बिनपरवाना मीठ तयार करत होतं. त्याच्यावर कुणी खटला भरला नाही!

या चिठ्ठ्यांची पुढची साखळी पुण्यातून जाते. थिओडोर कुक हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे, प्राचार्य. शिक्षणानं इंजिनिअर, आवड वनस्पतींची. पश्चिम हिंदुस्थानच्या वनस्पती-सर्वेक्षणाची सुरुवात त्यांच्या हातून झाली आणि पुण्यातला सर्वेक्षणाचा वनस्पतिसंग्रह त्यातूनच वाढला. निवृत्तीनंतर क्यू इथे बसून त्यांनी ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ लिहिला, १९०१ ते १९०८ या काळात तो भागाभागानं निघाला. आजही सह्याद्रीत झाडं ओळखणारा माणूस कुकचं नाव काढल्याशिवाय राहत नाही. त्या ग्रंथाच्या नावातल्या ‘प्रेसिडेन्सी’त सिंध येतो, म्हणून सिंधच्या वनस्पतीही त्यात आहेत. स्टॉक्स यांनी गोळा केलेल्या वनस्पतींचे दाखले त्यात वारंवार येतात. आंबोलीचं रोप आणि कराचीचं रोप एकाच पुस्तकात, पाठोपाठच्या पानांवर.

१ एप्रिल १९३६ला सिंध मुंबई इलाख्यापासून वेगळा झाला. १९४७ला तो दुसऱ्या देशात गेला. १९५८ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षणानं कुकचा ग्रंथ पुन्हा छापला, आणि सिंधची झाडं त्यात तशीच राहिली. पुनर्मुद्रण म्हणजे पुनर्मुद्रण, त्यात काटछाट कोण करणार. पण विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्यांनी ते दाखले वाचले आणि नजर पुढे सरकवली, कारण तिथे आता जाता येत नाही. आम्हाला वाटतं, लिमोनियमसारख्या झुडपाकडे आपलं जे दुर्लक्ष झालं त्याला हेही एक कारण असावं. नोंद ‘तिकडची’ वाटू लागली. वास्तविक ते झुडूप कच्छ-सौराष्ट्रातही आहे. पण हा भाग संस्थानांचा. कच्छ रावांचा, जुनागड नवाबांचा, ओखामंडळ तर बडोद्याच्या गायकवाडांचं. कंपनीचे आणि इलाख्याचे डॉक्टर तिथे नेमणुकीवर सहज फिरत नव्हते, त्यामुळे जुन्या चिठ्ठ्याही विरळ.

त्या विरळपणात एका माणसाचं नाव घेतलं पाहिजे, त्याचा लिमोनियमशी थेट संबंध नसला तरी. जयकृष्ण इंद्रजी. जन्म कच्छमधल्या लखपतचा. मुंबईत भगवानलाल इंद्रजींसारख्या पुरातत्त्वज्ञाजवळ राहिले, शिलालेख वाचणाऱ्या माणसाच्या सहवासात झाडं वाचायला शिकले. पोरबंदर संस्थानात जंगल सांभाळलं आणि बरडा डोंगरातल्या वनस्पतींवर १९१० मध्ये मोठा ग्रंथ लिहिला, तो गुजरातीत. इंग्रजी विद्यापीठाची पदवी नाही. स्थानिक नावं, उपयोग, कुठल्या धनगरानं काय सांगितलं, सगळं आहे. कोळ्याच्या तोंडचं नाव बोआसिएच्या लॅटिनमध्ये शिरलं नाही असं आम्ही म्हटलं. जयकृष्णांनी ते शिरवायचा रस्ता दाखवला. मराठीत त्या तोलाचं काम त्या काळात झालं नाही, हे थोडं खेदानं मान्य करावं लागतं.

मराठी माणूस या कथेत येतो तो मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातून. तिथे एथेलबर्ट ब्लॅटर हे स्विस जेझुइट वनस्पतिशास्त्र शिकवत. कच्छच्या वनस्पतींवर त्यांनी १९०८-०९च्या सुमारास लिहिलं. पुढे चार्ल्स मॅक्कॅन आणि टी. एस. सबनीस यांच्याबरोबर त्यांनी ‘द फ्लोरा ऑफ द इंडस डेल्टा’ हे काम केलं. ते १९२७ ते १९२९ दरम्यान प्रसिद्ध झालं. सबनीस आडनाव वेगळं समजावून सांगायला नको. राजपुताना-सिंधच्या वाळवंटी वनस्पतींची पानं आणि खोडं आतून कशी असतात, पाणी कसं वाचवतात, क्षार कसे हाताळतात, यावर त्यांनी त्याआधीच मोठं काम केलं होतं. झाडाचं नाव लावून मोकळं न होता ते तिथे जगतं कसं हा प्रश्न विचारणाऱ्यांतले ते एक.

त्या सालाकडे जरा थांबून बघू या. १९२७ ते १९२९. त्या वेळी सिंधूवर वरच्या अंगाला काय चाललं होतं? सक्करचं धरण. १९२३ मध्ये काम सुरू झालं, १९३२च्या जानेवारीत उद्घाटन झालं. नाव लॉइड बॅरेज, मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्यावरून. म्हणजे मुंबई सरकारचे इंजिनिअर नदीचं पाणी अडवून कालव्यांत वळवत होते, त्यानं लाखो एकर जमीन ओलिताखाली आली. आणि त्याच वेळी मुंबईतल्याच एका कॉलेजातले लोक त्या नदीच्या मुखाशी उगवणाऱ्या झाडांची यादी करत होते. त्यांनी हे धरणाविरुद्ध वगैरे केलं असा दावा आम्ही करत नाही, त्या काळात असा विचारच नव्हता. पण योगायोगानं त्यांनी त्रिभुजप्रदेशाची मोठं धरण होण्याच्या अगदी आधीची स्थिती कागदावर ठेवली. सक्करनंतर आणखी धरणं झाली, १९५५ला कोटरी झालं, समुद्राकडे जाणारं गोडं पाणी कमी कमी होत गेलं आणि खारं पाणी आत शिरत गेलं. तिवरांचं जंगल आटलं, शेती आत सरकली, मासेमारांची गावं उठली.

आता मघाची बियांची गोष्ट आठवा. ‘खारं झाड आहे, मीठ वाढलं तर त्याला बरंच’ असं सहज वाटतं. तसं होत नाही. मोठं झुडूप तग धरेल, पण नवं रोप उगवायला गोड्या पाण्याचे चार दिवस लागतात. नदी किनाऱ्याला ते देत होती. पाऊस अधूनमधून देतो. नदी थांबली तर पावसावर मदार. झुडपं हिरवी दिसत राहतात, पण त्यांच्यामागून कोणी येत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. अशी हळू होणारी गोष्ट ओळखायची तर आधी काय होतं याची नोंद हवी, आणि ती नोंद स्टॉक्स यांच्या चिठ्ठ्यांत, कुकच्या पानांत आणि ब्लॅटर-मॅक्कॅन-सबनीस यांच्या यादीत आहे.

आपल्या बाजूला काय? कच्छच्या आखातात १९८२ मध्ये देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं. त्याच किनाऱ्यावर मिठागरं आहेत, बंदरं आहेत, तेलशुद्धीकरणाचे प्रचंड कारखाने आहेत, आणि आतल्या बाजूनं वेडी बाभूळ पसरत आलीय. १९९१ला किनारा नियमन क्षेत्राचे नियम आले. २०११च्या अधिसूचनेत सर्वांत संवेदनशील वर्गात प्रवाळ, तिवर, वाळूच्या टेकड्या यांच्याबरोबर खारी दलदलही स्पष्टपणे लिहिली गेली. दीडशे वर्षं जिला ‘खराबा’ म्हटलं ती जमीन कायद्याच्या कागदावर पहिल्यांदा काहीतरी म्हणून आली. हे लहान पाऊल नाही.

पण अंमलबजावणीत एक अडचण आहे, ती आपल्याकडच्या उदाहरणावरून समजेल. महाराष्ट्रात २००५ साली मुंबई उच्च न्यायालयानं तिवरांची तोड थांबवण्याचा आदेश दिला. त्याचा परिणाम झाला, कारण तिवर दिसतं. उपग्रहाच्या चित्रात हिरवा पट्टा उमटतो, नकाशावर रंग भरता येतो, तोड झाली की पुढच्या वर्षीच्या चित्रात भोक दिसतं. गुडघ्याएवढं, विरळ, वर्षातला बराच काळ धुळीच्या रंगाचं झुडूप वरून दिसत नाही. तिथे नकाशा काढणाऱ्याला मोकळी जमीन दिसते. मग सर्व्हे नंबर काढतात, सातबारा काढतात, आणि त्यावर जुनाच शब्द असतो. एखाद्या तुकड्यावर खारी दलदल होती की नाही हा वाद उभा राहिला तर पुरावा काय द्यायचा? आमच्या मते तिथे वनस्पतिसंग्रहालयातला वाळका नमुना आणि त्यावरची तारीख-ठिकाणाची चिठ्ठी हा चांगला पुरावा आहे. सातबाऱ्यापेक्षा वेगळ्या हेतूनं, वेगळ्या हातानं लिहिलेला, म्हणून अधिक मोलाचा.

आता व्यवहाराचं. हे नमुने कुठे बघायला मिळतात? पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचा संग्रह आहे. मुंबईत सेंट झेवियर्समध्ये ब्लॅटर यांच्या नावाचा संग्रह आहे. स्टॉक्स यांचे मूळ नमुने मुख्यतः क्यू इथे. मोठ्या परदेशी संग्रहांनी आपल्या पत्रकांची छायाचित्रं संगणकावर खुली केली आहेत. घरबसल्या बघता येतात, पैसे लागत नाहीत. पत्रक उघडलं की आधी झाड बघू नका. उजवीकडे खाली चिकटवलेली चिठ्ठी बघा. हस्ताक्षर कुणाचं, गाव कुठलं, महिना कुठला, मूळ नावावर नंतर कुणी काट मारून दुसरं नाव लिहिलंय का. एका पत्रकावर कधी कधी चार-पाच पिढ्यांची अक्षरं असतात. मोडी वाचणाऱ्यांना हे काम अवघड जाणार नाही. आणि ज्यांना सुट्टीत द्वारका-ओखा किंवा मांडवीला जायचंय त्यांनी देवदर्शन झाल्यावर भरतीच्या रेषेच्या थोडं वर, खडकाळ-खाऱ्या जागी नजर टाकावी. झुडूप उपटू नका. पान जिभेला लावून बघा, खारट लागेल. फोटो काढा, जागा आणि तारीख लिहून ठेवा.

पुढच्या व्याख्यानात आपण दापोडीच्या बागेकडे वळणार आहोत. गिब्सन यांनी तिथे एका चित्रकाराकडून १८४७ ते १८५० या काळात वनस्पतींची सुंदर चित्रं काढून घेतली, त्या चित्रकाराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. ती चित्रं पडद्यावर दाखवू. आता प्रश्न असतील तर घेऊ या.